नि-२ मध्ये बेंझीन १,१५० वरून २२ वर आलं, तपासणी बंद करायची का?

आवार_देखभाल

व्यावसायिक आवारात जमिनीखाली पेट्रोलच्या दोन आणि डिझेलची एक अशा तीन टाक्या आहेत. पेट्रोलच्या एका लाइनचा सांधा गळत होता. तो बदलला, भोवतालची माती काढली आणि चार निरीक्षण विहिरी (नि-१ ते नि-४) घेतल्या. दर तीन महिन्यांनी नमुने लॅबला जातात.

विहिरी ५० मि.मी. पीव्हीसीच्या आहेत, खोली ८.२ मीटर. जमिनीपासून ५ ते ८ मीटर फटींचा पाइप (स्क्रीन), त्याच्या वर साधा केसिंग (बिनफटींचा पाइप). वर मीटरभर भराव, खाली बारीक ते मध्यम वाळू. नि-१ टाक्यांच्या मागे, नि-२ टाक्यांपासून पुढे ८ मीटरवर. नि-३ आणि नि-४ पुढच्या कुंपणालगत, टाक्यांपासून सुमारे ३५ मीटरवर.

नि-२ मधलं बेंझीन, मायक्रोग्रॅम प्रति लिटर: १४, ३१०, १,१५०, २२.
नि-१ चारही वेळा १ पेक्षा कमी. शेवटच्या फेरीत नि-३ "५० पेक्षा कमी", नि-४ "१ पेक्षा कमी".

काम करणाऱ्या एजन्सीच्या मते माती काढल्याचा परिणाम दिसतोय, अजून एक फेरी स्वच्छ आली की तपासणी बंद करू. १,१५० चा आकडा लॅबची चूक समजून सोडून द्यावा का? नि-३ ला स्वच्छ धरायचं का?

---

पाणीपातळी

बंद करू नका, आणि १,१५० तर मुळीच सोडू नका. चारही फेऱ्यांच्या दिवशी नि-२ मध्ये पाणी किती खोल होतं ते आधी कळवा. त्याशिवाय हे चार आकडे वाचताच येत नाहीत.

तुमचा स्क्रीन ५ मीटरला सुरू होतो. पेट्रोलची घनता ०.७२ ते ०.७७ असते, म्हणजे ते पाण्यावर तरंगतं. पाणीपातळी खाली गेली की तेही खाली जातं आणि वाळूच्या कणांना माखत जातं. पातळी पुन्हा चढली की त्यातले थेंब पाण्याखालीच वाळूच्या पोकळ्यांत अडकून राहतात. पाणी ५ मीटरच्या वर चढलं असेल, तर सगळ्यांत घाणेरडा थर साध्या केसिंगच्या बाहेर राहतो आणि विहिरीत खालचं स्वच्छ पाणी शिरतं. अशा दिवशी इंटरफेस प्रोबलाही (तेल आणि पाणी वेगळं ओळखणारी टेप) तेल लागत नाही, कारण तेलाला आत यायला वाटच नसते. स्क्रीन बुडाला असं याला म्हणतात. त्या दिवशीचा कमी आकडा जमीन स्वच्छ झाल्याचा पुरावा होऊ शकत नाही.

दुसरं, चारही नळ्यांच्या टोकांची पातळी लेव्हल मशिनने घेतली आहे का? "जमीन सपाट आहे" म्हणून ही पायरी अनेकदा गाळली जाते. वाळूत पाण्याचा उतार साधारण ०.००४ असेल, तर ३० मीटरवर पाण्यात फरक पडतो जेमतेम १२ सें.मी. नळीचं एक टोक ५ सें.मी. वर-खाली धरलं गेलं तरी प्रवाहाची दिशा भलतीकडे दाखवली जाते. टोकाच्या उत्तर कडेला खाच करा आणि तिथूनच दर वेळी मोजा. सर्वेक्षण ३ मि.मी. पर्यंत अचूक हवं. दिशा काढायला एका रेषेत नसलेल्या किमान तीन विहिरी लागतात, त्या तुमच्याकडे आहेत.

विहिरीत तरंगतं तेल सापडलंच, तर पाणीपातळी दुरुस्त करून घ्या. उदाहरणार्थ, तेल ६.७० मीटरला लागलं आणि पाणी ६.९५ ला, तर तेलाची जाडी ०.२५. पेट्रोलची घनता ०.७४ धरली तर ६.९५ − (०.२५ × ०.७४) = ६.७६५ मीटर. नकाशावर हा आकडा जातो, ६.९५ नाही. डिझेल असेल तर ०.८४ च्या आसपास धरा. आणि विहिरीत २५ सें.मी. दिसलं म्हणून जमिनीत २५ सें.मी. जाडीचा सलग थर आहे असं समजू नका. बारीक वाळूत विहिरीतली जाडी नेहमी फुगवून दिसते.

---

नमुनापेटी

नि-३ चा "५० पेक्षा कमी" मला नि-२ च्या २२ पेक्षा जास्त खटकतो.

त्याच लॅबने नि-४ ला १ पर्यंत वाचलं आहे, म्हणजे यंत्राची क्षमता १ ची आहे. मग नि-३ ला मर्यादा ५० का झाली? नमुना ५० पट पातळ केला म्हणून. लॅब उगीच पातळ करत नाही. नमुन्यात दुसरं काहीतरी इतकं जास्त असतं की डिटेक्टर भरून जातो, किंवा नमुना फेसाळतो, किंवा त्यात गाळ असतो. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातल्या बेंझीनची मार्गदर्शक मर्यादा १० मायक्रोग्रॅम प्रति लिटर आहे. "५० पेक्षा कमी" या उत्तरात ४५ सुद्धा बसतात. तो स्वच्छ निकाल नाही, त्याला निकालच म्हणता येत नाही.

लॅबला लेखी विचारा: नमुना किती पट पातळ केला, कशामुळे, आणि पातळ न करता चालवलेली धाव आहे का. क्रोमॅटोग्राम (यंत्राने काढलेला आलेख) मागून घ्या. यादीत फक्त बेंझीन, टोल्यूइन, इथाइलबेंझीन आणि झायलीन असतील, तर बाकीचं काही दिसलं तरी रिपोर्टात येत नाही. एमटीबीई (पेट्रोलमध्ये मिसळलं जाणारं एक द्रव्य) यादीत होतं का?

शिवाय प्रत्येक फेरीत नमुना कशाने घेतला तेही सांगा. बेलर (दोरीने विहिरीत सोडून पाणी काढायची नळी) आणि कमी प्रवाहाचा पंप यांचे आकडे एकाच आलेखात टाकायचे नसतात. बेलर पाण्यात खाली-वर होताना तळाचा गाळ उठवतो आणि बाष्पशील द्रव्यं हवेत सोडतो. पहिल्याने आकडा वाढतो, दुसऱ्याने घटतो, म्हणून चूक कोणत्या बाजूला झाली हेही नंतर सांगता येत नाही.

---

आवार_देखभाल

फील्ड शीट मिळाली. नि-२ मधली पाणीपातळी, नळीच्या टोकापासून (टोक जमिनीलगतच आहे):

पहिली फेरी ४.२ मीटर, बेंझीन १४
दुसरी फेरी ५.८ मीटर, बेंझीन ३१०
तिसरी फेरी ६.९ मीटर, बेंझीन १,१५०
चौथी फेरी ४.४ मीटर, बेंझीन २२

पहिल्या तीन फेऱ्यांत पेरिस्टाल्टिक पंप होता, चौथ्या फेरीत बेलर. तेल आहे का ते प्रोबने एकदाही पाहिलेलं नाही, फक्त पाण्याची टेप टाकली. नळ्यांच्या टोकांचं सर्वेक्षण झालेलं नाही.

लॅबचं उत्तर: नि-३ मध्ये एमटीबीई खूप असल्यामुळे ५० पट पातळ करावं लागलं. यादीत नव्हतं म्हणून छापलं नाही. अंदाजे २,३०० मायक्रोग्रॅम प्रति लिटर.

---

पाणीपातळी

चित्र स्पष्ट झालं. दोन्ही कमी आकडे पाणी ५ मीटरच्या वर असतानाचे आहेत आणि दोन्ही जास्त आकडे स्क्रीन उघडा असतानाचे. पहिल्या फेरीत पंपच होता, तरी १४ आले. म्हणजे चौथ्या फेरीच्या २२ चा दोष फक्त बेलरच्या माथी मारता येत नाही, मूळ कारण बुडालेला स्क्रीन आहे. पाणी उतरलं की हजारात जाणारा आकडा पुन्हा दिसेल.

विहिरीतल्या पाण्यात बेंझीन १,००० ते ५,००० च्या पट्ट्यात गेलं, की जवळपास मोकळं किंवा अडकलेलं इंधन आहे असं धरून चालतात. कारण साधं आहे: नुसत्या बेंझीनची पाण्यातली विद्राव्यता लिटरला सुमारे १,७८० मि.ग्रॅ. असली, तरी पेट्रोलमध्ये ते एक टक्क्याच्या आसपास असतं. त्यामुळे पेट्रोलला अगदी खेटून असलेल्या पाण्यातसुद्धा ते साधारण १८ मि.ग्रॅ. पर्यंतच चढतं. त्या दिवशी स्क्रीनच्या पाण्याखालच्या सुमारे १.१ मीटर भागातलं पाणी विहिरीत मिसळून आलं, तरीही तुम्हाला १.१५ मि.ग्रॅ. मिळाले. त्यात पेरिस्टाल्टिक पंपाची खेच साधारण ८ मीटरला संपते. ६.९ मीटरवरून ओढताना नळीत निर्वात वाढतो, बुडबुडे दिसतात आणि बेंझीन त्यांत निघून जातं. खरा आकडा १,१५० च्या वरच असणार.

आता नि-३. एमटीबीई पाण्यात सहज विरघळतं, मातीला जवळजवळ चिकटत नाही आणि सावकाश कुजतं, म्हणून ते पाण्याच्याच वेगाने चालतं. बेंझीन मागे रेंगाळतं आणि ऑक्सिजन मिळाला तर जिवाणू ते वाटेतच खातात. मध्यम वाळूची वाहकता दिवसाला ५ मीटर, उतार ०.००४ आणि सच्छिद्रता ०.२५ धरली, तर वेग दिवसाला ०.०८ मीटर, वर्षाला सुमारे २९ मीटर येतो. टाकीपासून कुंपण ३५ मीटर, म्हणजे सव्वा वर्षाच्या आसपास. हे गृहीत आकडे आहेत, सर्वेक्षण झालं की तुमच्या उताराने पुन्हा काढा. पण नि-३ कुंपणालाच आहे, हे त्या गणिताशिवायही खरं आहे. प्रदूषण तुमच्या हद्दीच्या कडेला पोचलं आहे, कदाचित बाहेरही गेलं आहे.

म्हणून पुढच्या फेरीची वाट न पाहता कुंपणापलीकडे प्रवाहाच्या खालच्या अंगाला कुणाची विहीर किंवा बोअर आहे का ते शोधा. असेल तर त्याचं पाणी तपासा आणि वापरणाऱ्यांना आजच सांगा. पर्यावरण खात्यालाही लेखी कळवा. एमटीबीईचा वास आणि चव २० ते ४० मायक्रोग्रॅमलाच जाणवू लागते, पण बेंझीनला त्या पातळीवर वास नसतो. "वास येत नाही, म्हणजे ठीक आहे" हे कुणाला म्हणू देऊ नका. शेजारी उपसा चालू असेल तर प्रवाहाची दिशाही त्या बोअरकडे वळलेली असू शकते. तेव्हा पातळी उपसा चालू असताना आणि बंद असताना, दोन्ही वेळा घ्या.

इमारतीचाही विचार करा. बेंझीनची वाफ जमिनीतून वर येते. पाया आणि विरघळलेल्या प्रदूषणाच्या मध्ये २ मीटर, किंवा पाया आणि मोकळ्या इंधनाच्या मध्ये साधारण ५ मीटर स्वच्छ, हवा खेळती असलेली माती नसेल, तर फरशीखालच्या हवेचे नमुने घ्यावे लागतात. तुमच्याकडे पाणी ४.२ वर येतं, म्हणजे हा मुद्दा लागू आहे.

---

बोअरबांधणी

नि-२ शेजारी नवी विहीर घ्या. जुनी बुजवू नका, पातळी मोजायला ती उपयोगी आहे.

तुमच्याकडे पाणी ४.२ ते ६.९ मध्ये हलतं. स्क्रीन ३.५ ते ८.० मीटर ठेवा, म्हणजे पाणी कितीही चढलं-उतरलं तरी त्याचा पृष्ठभाग स्क्रीनमध्येच राहील. फट ०.२५ मि.मी., भोवती धुतलेली वाळू, बाजारात २०/४० म्हणून मिळते ती. वाळू स्क्रीनच्या वर ६० सें.मी. न्या, म्हणजे २.९ मीटरपर्यंत. तिच्यावर ६० सें.मी. बेंटोनाइटचे (पाण्याने फुगणाऱ्या मातीचे) तुकडे. इथे चूक होते: तुकडे पाणीपातळीच्या वर आहेत, ते आपोआप फुगणार नाहीत. वरून स्वच्छ पाणी घाला, फुगायला वेळ द्या, मगच सिमेंट-बेंटोनाइटचा गारा भरा. कोरड्या तुकड्यांवर गारा ओतला तर तो त्यांच्या फटींतून वाळूत उतरतो आणि त्या विहिरीचा पीएच कायमचा ११-१२ राहतो. असा पीएच दिसला की विहीर बाद समजा.

पाइपचे सांधे आट्यांचेच हवेत. सॉल्व्हंट सिमेंट एका सांध्यालाही नको, त्यातली द्रव्यं लॅबच्या यंत्रात महिनोन्‌महिने दिसत राहतात. आट्यांना ग्रीसही नको. तोंडाला रबरी फुगणारं बूच, वर जमिनीलगत झाकण, आणि झाकणाची कडा फरशीपेक्षा किंचित उंच. इंधन भरायच्या जागी झाकणात साचलेलं तेलमिश्रित पाणी सैल बुचातून थेट विहिरीत जातं. बूच काढण्यापूर्वी ते पाणी काढून टाका.

गारा घट्ट व्हायला किमान २४ तास द्या. मग सर्ज ब्लॉकने पाणी खाली-वर ढकलत आणि उपसत विहीर साफ करा, गढूळपणा १० एनटीयूच्या खाली येईपर्यंत. त्यानंतर आठ-पंधरा दिवस थांबून पहिला नमुना.

---

पाणीपातळी

साडेचार मीटर स्क्रीनबद्दल माझं मत वेगळं आहे. एवढ्या लांबीत वरचं घाण आणि खालचं स्वच्छ पाणी मिसळून आकडा पातळ होतो. मी दोन वेगळ्या विहिरी घेईन, एक ३.५ ते ५.५ आणि दुसरी ५.५ ते ७.५. एकाच भोकात दोन नळ्या मात्र नकोत, मधला बेंटोनाइटचा थर हमखास गळतो.

---

बोअरबांधणी

दोन विहिरी उत्तमच. एकच परवडत असेल तर लांब स्क्रीन घ्या आणि पंपाचं तोंड दर वेळी पाण्याच्या पृष्ठभागाखाली ठरावीक अंतरावर, समजा ६० सें.मी. वर ठेवा. खोली फील्ड शीटवर लिहा.

---

नमुनापेटी

पुढची फेरी ब्लॅडर पंपाने करा. क्रम असा:

आधी चारही बुचं काढून पाणी हवेच्या दाबाशी जुळू द्या. बूच निघताच तोंडाशी गॅसमीटर धरा. ज्वालाग्राही वाफ स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या १० टक्क्यांवर गेली की काम थांबवा. निव्वळ पीआयडीवर (दिव्याच्या किरणांनी वाफ ओळखणारं मीटर) विसंबू नका, त्याचा १०.६ इलेक्ट्रॉन व्होल्टचा दिवा बेंझीन पकडतो पण मिथेन पकडत नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर मिथेन तयार होऊ शकतो. इथेनॉल कुजताना जमिनीतला ऑक्सिजन आधी खाऊन टाकतं, मग बेंझीन कुजायला काही उरत नाही आणि प्रदूषणाचा पट्टा लांबतो. म्हणून इथेनॉलही यादीत घाला.

मग सगळ्या विहिरींची पातळी आणि तेल, इंटरफेस प्रोबने, एकाच दिवशी, उपसा सुरू करण्याआधी. प्रोब प्रत्येक विहिरीनंतर धुवायचा. तेल लागलेल्या विहिरीतून विरघळलेल्या द्रव्यांचा नमुना घेऊ नका. जाडी नोंदवा आणि पुढे चला.

उपसा मिनिटाला १०० ते ५०० मि.ली., पातळी १० सें.मी. पेक्षा जास्त उतरू द्यायची नाही. दर तीन ते पाच मिनिटांनी नोंद करा. सलग तीन नोंदींत पीएच ०.१ च्या आत, विद्युतवाहकता ३ टक्क्यांच्या आत, रेडॉक्स १० मिलिव्होल्टच्या आत, विरघळलेला ऑक्सिजन आणि गढूळपणा १० टक्क्यांच्या आत आले की विहीर तयार. नमुना मीटरच्या चेंबरमधून आलेल्या पाण्याचा घ्यायचा नाही, नळी चेंबरच्या आधी सोडवा. नळी टेफ्लॉनचं अस्तर असलेली हवी. सिलिकॉनची नळी बेंझीन शोषून घेते.

आधी ४० मि.ली.च्या वायल (काचेच्या छोट्या बाटल्या). हायड्रोक्लोरिक आम्ल आधीच घातलेलं असतं, त्यामुळे वायल विसळू नका आणि ओसंडू देऊ नका. वायल तिरकी धरा, पाण्याची धार काचेवरून शांत उतरू द्या. काठावर पाण्याचा घुमट उभा राहिला की झाकण लावा, उलटी करा, बोटाने टिचकी मारा. ६ मि.मी. पेक्षा मोठा बुडबुडा वर गेला तर ती वायल टाकून नवीन घ्या. उघडून पाणी वाढवलं तर आम्ल पातळ होतं. त्यानंतर डिझेलसाठी लिटरची तपकिरी काचेची बाटली. लोह फेरस रूपात मोजायचं असेल तर तिथेच मोजा, लॅबपर्यंत जाताना त्याचं ऑक्सिडेशन होतं.

नि-१ पासून सुरुवात करा, मग नि-४, नि-३, शेवटी नि-२. जनरेटर वाऱ्याच्या खालच्या बाजूला, आणि त्यात इंधन भरणाऱ्या माणसाने त्या दिवशी वायलला हात लावू नये. हातमोजे नायट्राइलचे, दर विहिरीला नवे. प्रत्येक पेटीत लॅबने शुद्ध पाणी भरून दिलेली वायल (ट्रिप ब्लँक), दहा नमुन्यांमागे एक डुप्लिकेट. तुमचे चारच आहेत, तरी एक घ्याच, आणि तो नि-३ चा घ्या. पेटी बर्फाने ६ अंशांच्या खाली, पण नमुना गोठू नये. वायल १४ दिवसांत तपासल्या जायला हव्यात, डिझेलच्या बाटलीचं निष्कर्षण ७ दिवसांत.

उपसलेलं पाणी गटारात नाही. झाकणाच्या बॅरलमध्ये, तारीख आणि विहिरीचं नाव लिहून.

आणि "कमी होतंय" हे चार आकड्यांवरून ठरवायचं नसतं. मान-केंडल चाचणीत (आकडे खरंच चढतात की उतरतात ते तपासणारी) चार आकडे सलग उतरते असले तरी ते निव्वळ योगायोगाने होण्याची शक्यता २४ मध्ये १ असते. एकही आकडा इकडचा तिकडे झाला की निष्कर्ष गेला. निदान आठ फेऱ्या घ्या, आणि पाणी चढलेल्या फेरीची तुलना चढलेल्या फेरीशीच करा. दरम्यान टाक्यांची आणि लाइनची दाबचाचणी पुन्हा करा. दुसरा सांधा गळत असेल तर हे सगळं मोजमाप चालू गळतीचं होईल.

---

आवार_देखभाल

सर्वेक्षण आणि शेजारच्या बोअरचा शोध आजपासून सुरू केला, कळवण्याचं पत्रही जातंय. एक शंका: दुसऱ्या फेरीच्या शीटवर "नि-४ वायलमध्ये बारीक बुडबुडे, तीनदा भरली" असं लिहिलंय. भरणाऱ्याची चूक का?

---

नमुनापेटी

बहुतेक नाही. पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल तर आम्ल लागताच कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि तो बेंझीन सोबत घेऊन जातो. साध्या वायलमध्ये थोडं पाणी घेऊन आम्लाचे दोन थेंब टाकून बघा. फसफसलं तर लॅबकडून बिनआम्लाच्या वायल मागवा आणि शीटवर तसं लिहा. मग तपासणीची मुदत १४ नाही, ७ दिवस.